पळसापर्यंत आलेली घळ

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नाला आहे, आणि त्या नाल्याच्या काठावर माझ्या भावाला माती दिलेली आहे. तो माझ्याआधी जन्मला आणि बारसं व्हायच्या आत गेला, त्यामुळे त्याला नाव नाही. आमच्याकडे एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत. घरातले दोन पुरुष कापडात गुंडाळलेलं मूल आणि कुदळ घेऊन निघतात, काम करून येतात, आणि येताना मागे वळून पाहत नाहीत. बायका जात नाहीत. आईही गेली नव्हती. ती ओली बाळंतीण होती, खाटेवर होती. बाबा आणि मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, असे दोघं गेले होते. तिला नंतर सांगण्यात आलं की वरच्या काठावर, पळसाच्या बुडाशी.

अशा मुलाचं पुढे काहीच नसतं. तेरवी नाही, श्राद्ध नाही, अक्षय तृतीयेला पूर्वजांसाठी घागर भरतात त्यातही त्याचा वाटा नाही. फोटो काढलेला नव्हता. अंगडी-टोपडी कुणाकुणाला देऊन टाकली होती. आईजवळ त्याची म्हणून एकच गोष्ट उरली होती, ती जागा. तिथे ती कधी जाऊन बसायची नाही. निंदण असलं की बायका आपापल्या ओळी धरतात, तेव्हा ती पळसाकडच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून असलेली ओळ धरायची, एवढंच. बाकीच्या बायका ती ओळ तिच्यासाठी सोडायच्या. त्यावर कुणी बोलायचं नाही.

मला हे कुणी बसवून सांगितलं नाही. मी लहान असताना होळीच्या आधी पळसाची फुलं गोळा करून फ्रॉकच्या ओच्यात आणली होती, रंग करायला. आईने ओचा पाहिला, मला हाताला धरून परत धुऱ्यापर्यंत नेलं आणि सगळी फुलं बुडाशी ठेवायला लावली. रागावली नाही. घरी आल्यावर म्हणाली, त्या झाडाचं आनत नको जाऊ. मी का म्हणून विचारलं नाही. प्रश्न न विचारण्याची सवय मला तेव्हापासून आहे, आणि ती मोडली नाही.

मी आर्णीच्या इंग्रजी शाळेत जायचे. गावातून आम्हा चार-पाच मुलांना न्यायला व्हॅन यायची. घरी सगळे मले-तुले बोलायचे आणि मी मला-तुला. मोठे बाबा त्यावरून खेचायचे. जेवायला बसले की म्हणायचे, मॅडमले भाजी वाढा, मराठीत मांगून राह्यली. मी मान खाली घालून जेवायचे. शाळेत माझी मराठी गावठी होती आणि घरी माझी मराठी शाळेची होती. दोन्हीकडे कमी बोलणं सोपं होतं.

भूगोलाच्या पुस्तकात नदीचा एक धडा होता. गॉर्ज आणि कॅन्यन हे शब्द मी तिथे शिकले, घळ हा शब्द फार नंतर. अमेरिकेतल्या एका लाल दरीचं चित्र होतं, तळाशी दोऱ्याएवढी नदी. एवढ्याशा पाण्याने एवढी दरी कोरली, असं टीचर म्हणाल्या आणि आम्ही त्याखाली रेघ मारली. मी इंग्रजी व्हीच्या आकाराची दरी काढून निळ्या पेन्सिलने पाणी रंगवलं, त्याला पूर्ण मार्क मिळाले. आमच्या नाल्याचा त्याच्याशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटायचं कारण नव्हतं. आमचा नाला उथळ होता. उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा नीट बुडायच्या नाहीत, पाठी उघड्या राहायच्या.

तो उथळ का होता, त्याचं कारण खालच्या बाजूला आडवं पडलेलं होतं. काळ्या दगडाची एक पाट या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेली होती, आमच्या अंगणाएवढी रुंद आणि पाय घसरेल इतकी गुळगुळीत. बायका तिच्यावर कपडे धुवायच्या. पाणी तिच्यावरून पसरत जायचं आणि पलीकडे हातभर खाली एका डोहात पडायचं. त्या पाटेच्या वरच्या अंगाला नाल्याने काही शतकं तरी आणून टाकलेली माती होती आणि त्या मातीत आमचं शेत. पाटेने तळ धरून ठेवला होता म्हणून ती माती जागेवर होती. हे आज मला लिहिता येतं. तेव्हा गावात त्या पाटेला सगळे अडसर म्हणायचे.

कारण पाऊस जोराचा झाला की पाणी पाटेमागे तुंबायचं आणि आमच्या शेतात चढायचं. काळ्या मातीत पाणी उभं राहिलं की कपाशी उबळते, उभ्या उभ्या पिवळी पडून मरते. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. लागोपाठ दोन वर्षं तसं झालं. मोठे बाबा म्हणायचे, पानी आपल्या वावरात जावयावानी येऊन बसते, जाचं नावच घेत नाही.

मी आठवीत असताना गावात नाला खोल करायला मशीन आली. खालच्या शिवारात काम चाललं होतं. बाबा आणि मोठे बाबा जाऊन ऑपरेटरला भेटले. काम संपल्यावर आमच्याकडे ये आणि तेवढी पाट फोडून दे, असं ठरलं. मशीनला दगड फोडायचा ब्रेकर लावला होता. दिवसभर त्याचा ठकठक आवाज घरापर्यंत येत होता. आईने ऑपरेटरसाठी डबा केला, भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा, आणि तो घेऊन मला पाठवलं. बाबा काठावर उभे होते. मी डबा दिला तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते हाताने ऑपरेटरला काही दाखवत होते. आमच्या बाजूच्या काठाजवळचा दगडाचा एक तुकडा तसाच ठेव, असं त्यांचं चाललं होतं. ऑपरेटर म्हणत होता, अर्धवट काम कायले करता भाऊ, सारंच काढून टाकतो. बाबांनी ऐकलं नाही. तो तुकडा राहिला. मला वाटलं, पाय द्यायला, पलीकडे जायला ठेवत असतील.

त्या पावसाळ्यात शेतात पाणी थांबलं नाही. आलं तसं गेलं. कपाशी मांडीला लागली. लोक येऊन पाहून गेले, आणि कुणीकुणी म्हणालं की आपल्याही शेताखाली असं करायला पाहिजे. काठावर ठेवलेला दगडाचा तुकडा पहिल्या पुरातच मागच्या मातीसकट निघून गेला होता. त्याबद्दल घरात काही बोलणं झालं नाही. पीक चांगलं होतं.

घळ कशी होते ते मी पुढे यवतमाळला कॉलेजात शिकले, भूगोल घेऊन. पाणी वरून खाली वाहतं, पण घळ खालून वर चालत येते. ओढ्याच्या तळाला कुठे पायरी असली की पाणी तिच्यावरून उडी घेतं, आणि जिथे पडतं तिथे खड्डा करतं. खड्डा पायरीच्या पोटात शिरतो. पोट पोखरलं की वरची माती आधाराशिवाय लोंबते, मग एक दिवस कोसळते, आणि पायरी तेवढी मागे सरकते. पाणी पडलेली माती उचलून नेतं आणि पुन्हा पोट पोखरायला लागतं. कठीण खडकात याला हजारो वर्षं लागतात. मातीत एक पावसाळा पुरतो. पाट होती तोवर पायरी तिच्या कडेला अडून बसली होती. पाट गेल्यावर तिला आमच्या शेताकडे यायला वाट मोकळी झाली.

सुटीत घरी आले की मी पायरी कुठवर आली ते पाहायला जायचे. दर वेळी ती वर आलेली असायची. धुण्याची जागा पाटेबरोबर आधीच संपली होती. मग गुरं पलीकडे जायची ती वाट संपली, कारण दोन्ही काठ उभे कापल्यासारखे झाले आणि तळ दीड-दोन पुरुष खाली गेला. शेजाऱ्यांचं एक वासरू त्यात पडलं, ते काढता आलं नाही. विहिरीला जे पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरायचं ते डिसेंबरातच तळाला जायला लागलं, कारण घळ विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खोल गेली की जमिनीतलं पाणी घळीत झिरपतं. लोक त्याला नुसती खाई म्हणायचे. खाई कुठवर आली, असं एकमेकांना विचारायचे, एखाद्या जनावरावर पाळत ठेवावी तसं.

शिक्षण संपवून मी घरी आले तेव्हा खाई पळसापासून फार लांब नव्हती. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते, आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. आई एका दुपारी माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नाही, अभ्यास चालला असेल म्हणून. दाराशी उभी राहून तिने विचारलं,

"तू हे शिकली नं, नाल्याचं? मंग सांग, झाड किती पावसाळे टिकते?"

मी म्हणाले की नक्की सांगता येत नाही. पाऊस कसा होतो त्यावर आहे. ती तशीच उभी राहिली. मग मी म्हणाले, दोन. फार तर तीन. तिने मान हलवली आणि कणीक मळायला गेली.

त्या रात्री जेवताना तिने बाबांजवळ विषय काढला. खाई पोचायच्या आत त्याला तिथून काढावं आणि विहिरीच्या वरच्या उंचवट्यावर पुन्हा माती द्यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती हे म्हणाली तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता, उद्या दळण टाकायचं आहे असं सांगावं तसा. बाबांनी घास खाली ठेवला.

"जमिनीले देल्लेलं परत मांगत नसते," ते म्हणाले.

मोठे बाबा तेव्हा हयात नव्हते, आदल्या वर्षी वारले होते. ते असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, हे मी नंतर बरेचदा मनाशी घोळवलं. बाबा ताट बाजूला सारून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दगड टाकायला सुरुवात केली. शेतातून निघालेले दगड धुऱ्यावर रचलेले असतात, ते त्यांनी बैलगाडीत भरून घळीच्या तोंडाशी, जिथे पायरी होती तिथे, ओतले. धुऱ्याचे संपले तेव्हा माळावरून आणले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत मुरूम भरून दगडांच्या वर रचला. हिवाळाभर ते हेच करत होते. तुरी सोंगायच्या होत्या तरी आधी दोन फेऱ्या दगडाच्या आणि मग तूर. आई त्यांना तिथेच पाणी नेऊन द्यायची. त्या दिवसांत ती त्यांच्याशी बरीच मवाळ वागायची. तिला वाटत होतं की ते मुलासाठी करतायत. मलाही तसंच वाटत होतं.

बाबांनी मला एकदाच विचारलं, बांध बराबर आहे का. मी सांगितलं की मधला भाग खाली आणि दोन्ही टोकं उंच पाहिजेत, म्हणजे पाणी मधून जाईल. त्यांनी तसं करायचा प्रयत्न केला. पण रचलेले दगड मध्ये खचत नाहीत आणि कडेची माती खचते. कडेच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, काठाला समांतर. मी त्या भेगा पाहिल्या होत्या. त्यांचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात मोठे बांध होते, जाळीतले दगड, काँक्रीट. बैलगाडी कुठेच नव्हती.

जुलैत मोठा पूर आला. बांध जागेवर राहिला. पाणी त्याला वळसा घालून आमच्या बाजूने, भेगांतून, आत शिरलं. पूर ओसरला तेव्हा दगडांचा ढीग मध्ये बेटासारखा उभा होता, आणि घळीला एक नवीन फाटा फुटून तो सरळ पळसाच्या दिशेने गेला होता. बाबा बराच वेळ त्या ढिगाजवळ उभे होते. मग घरी येऊन हातपाय धुतले आणि बैलांना चारा टाकला.

पूर असताना काठ पडत नाही, हेही मी शिकले होते, पण पाहिलं नव्हतं. पाणी काठाला टेकून असतं तोवर त्याला आधार असतो. ते झपाट्याने उतरलं की ओली जड माती एकटी पडते. म्हणून काठ कोसळतो तो आभाळ मोकळं झाल्यावर. पोळ्याच्या सुमारास नाला पुन्हा भरून ओसरला होता, त्यानंतर चार दिवस पाऊस नव्हता, चक्क ऊन पडलं होतं. आई आणि मी शेतात होतो, भेंडी तोडत. आवाज फार मोठा आला नाही. कुणी पोतं टाकल्यासारखा. आई हातातली टोपली तिथेच ठेवून चालायला लागली, मी तिच्या मागे.

पळस उभा होता. त्याच्या पुढची जमीन, अंगणभर, खाली घळीत बसली होती, तिच्यावरचं गवत तसंच उभं. झाडाची अर्धी मुळं हवेत लोंबत होती. आणि पळसाच्या बुडाखाली काठाची नवी भिंत उघडी झाली होती, ओली आणि चकाकणारी, सुरीने कापल्यासारखी. बाबाही दुसऱ्या बाजूने आले. आम्ही तिघं घळीच्या तुटलेल्या भागातून खाली उतरलो आणि त्या भिंतीसमोर उभे राहिलो.

आई झाडाच्या बुडाखालचा भाग पाहत होती. काय दिसेल याची तिला भीती होती. पदर तिने तोंडाशी धरला होता. मग ती मला म्हणाली,

"तू पाह्य. तुले समजते. दिसते का काही?"

मी पाहिलं. वर काळी माती होती, पुरुषभर. तिच्याखाली पिवळट माती, आणि त्या दोहोंच्या मध्ये चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांची एक ओळ, हरभऱ्याएवढ्या खड्यांची. ती ओळ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. तिच्यावरच्या काळ्या मातीतही कुठे रंग बदललेला नव्हता. माणसाने खड्डा खणून बुजवला की वरची आणि खालची माती एकमेकांत मिसळते आणि ते मिसळलेपण कितीही वर्षांनी दिसतं. आमच्या सरांनी एका नदीकाठी नेऊन ते दाखवलं होतं. पळसाखाली तसं काहीच नव्हतं. झाडाची मुळं होती, त्यांच्या दोन्ही अंगांना माती जशी साचली होती तशीच होती. तिथे कधीच कुणी कुदळ मारलेली नव्हती.

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणाले. "काही दिसत नाही."

आईने पदर तोंडावरून काढला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे अजून आत आहे, ती म्हणाली. अजून गेला नाही. मी पुढे काही बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याचा तिने तोच अर्थ घेतला, आणि तसा तो घेता येण्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भांडी घासून झाल्यावर पेटी उघडली. पांढरं कोरं कापड काढलं, घडीचं, कधी घेऊन ठेवलं होतं माहीत नाही. कुदळ, टोपलं आणि कापड घेऊन ती अंगणात आली आणि मला म्हणाली, चाल. बाबा दाराशी बसले होते. तिने त्यांना विचारलं नाही. ती फाटकापर्यंत पोचली तेव्हा ते उठले आणि आमच्या मागून यायला लागले. वाटेत भेटलेल्या एका बाईने विचारलं की काय खनाले चालल्या, आई म्हणाली, माती.

पळसाशी पोचल्यावर तिने चपला काढल्या. झाडाभोवती एक फेरी मारली, कुठून सुरुवात करावी ते पाहत. कुदळ उचलून माझ्या हातात दिली. मी ती धरली आणि बाबांकडे पाहिलं. मला वाटतं मी फक्त तेवढंच करू शकत होते.

"तिथं नाही तो," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे वळली.

"मंग कुठं?"

"खाली. पाटेपाशी."

मग त्यांनी सांगितलं. उभ्याने, कुदळीकडे पाहत. त्या दिवशी पाऊस होता. ते आणि मोठे बाबा निघाले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वरच्या काठाला चिखल इतका होता की पाय गुडघ्यापर्यंत जात होते, आणि हातात मूल होतं. पाटेजवळ माती रेताड होती, खणायला सोपी. तिथे दिली. पाण्याच्या एवढ्या जवळ द्यायची नसते हे दोघांनाही माहीत होतं. येताना मोठे बाबा म्हणाले, तिले पळस सांगू. उंचावर आहे, तिले बरं वाटन. आणि सांगितलं. त्यानंतर आई पळसाकडची ओळ धरायला लागली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग सांगायचं राहूनच गेलं.

म्हणूनच मशीनवाल्याला त्यांनी तेवढा तुकडा सोडायला लावला होता. तो पुरात गेला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं होतं.

आईने सगळं ऐकलं. बाबांनी हिवाळाभर टाकलेल्या दगडांच्या ढिगाकडे पाहिलं. मग कापड कमरेला खोचलं, चपला घातल्या आणि म्हणाली,

"जागा दाखवा."

आम्ही घळीच्या तळातून खाली चालत गेलो. दोन्हीकडे भिंती, वर आभाळाची पट्टी, पायाखाली गोटे आणि टाचेएवढं पाणी. ती पहिल्यांदाच घळीत एवढी आत आली होती. भिंतींत काळी माती, पिवळी माती, मुरूम, मग काळा दगड, असे थर उतरत गेले. जिथे पाट होती तिथे आता नुसता उघडा तळ होता, आणि पलीकडच्या काठात पाटेची फुटलेली कड दिसत होती, अजून धारदार. बाबा त्या कडेच्या सरळ रेषेत आले, थोडे आमच्या काठाकडे सरकले, थांबले. त्यांनी खाली पाहिलं नाही. हात वर केला, डोक्याच्याही वर.

"इथं," ते म्हणाले.

त्यांच्या हाताच्या आसपास काही नव्हतं. माती तिथे होती, तेव्हाच्या काठाची उंची ती होती, आणि ती सगळी माती आता आर्णीच्याही खाली कुठेतरी अरुणावती नदीच्या गाळात होती. आई त्यांच्या जवळ गेली. तिनेही हात वर केला. ती ठेंगणी आहे. तिचा हात तिथपर्यंत पोचला नाही. टाचा उंचावून तिने पाहिलं, मग हात खाली घेतला.

थोड्या वेळाने ती म्हणाली की चला, बैलं पाण्यावर न्यायची आहेत. चढताना बाबांनी तिला हात दिला, तो तिने धरला नाही. ती मुळांना धरून वर आली. कापड तिने पुन्हा पेटीत ठेवलं. बाबांशी ती बोलत नाही असं नाही, लागेल तेवढं बोलते. निंदणाला आता कोणतीही ओळ धरते. बायकांनी पहिल्या वेळी तिच्यासाठी धुऱ्याची ओळ सोडली होती. ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

उन्हाळ्यात तिनेच बाबांना पळस तोडायला सांगितला. पडून जाणार तो, त्याच्यापेक्षा फांद्या खाईच्या तोंडाशी आडव्या टाका, म्हणाली. बाबांनी तोडला. फांद्या दगडांच्या मागे रचल्या. बुंध्याची लाकडं घरी आली, पण ती नीट जळत नाहीत, धूर फार करतात. आई फुंकणीने फुंकत बसते.

घळ अजून वर येते आहे. आता तिच्या वाटेत विहीर आहे. मी जाऊन पाहून येते, आणि घरी सांगायचं की नाही ते ठरवते. आई मला पावसाळे विचारत नाही.